बिघाड क्रमांक एकेचाळीस

देवमन हत्यारांची पिशवी घेऊन फाटकाबाहेर पडला आणि साधनाच्या पडद्यावर पुन्हा लाल पट्टी उमटली. सर्व्हर रूम तापली. बिघाड क्रमांक एकेचाळीस. तिने खिडकीतून पाहिलं. रस्त्यावर देवमनने खिशातला मोबाईल काढून वाचला आणि मुकाट्याने स्कूटर वळवली.

ही सगळी व्यवस्था साधनाचीच. अकोल्यातल्या त्या बियाणे कंपनीचे कॉम्प्युटर तिच्या ताब्यात होते. खोलीचं तापमान अठ्ठावीसच्या वर गेलं की तक्रार आपोआप नोंदली जाई. एसी मेकॅनिक देवमनला मेसेज जाई. दाराचं कुलूपही त्याच्याच मोबाईलने उघडे. अर्ध्या तासात तो आला नाही आणि खोलीही थंड झाली नाही, तर सगळे सर्व्हर आपोआप बंद. "माणसाला मधे पडावंच लागणार नाही," असं तिने अमरावतीच्या मुख्य कार्यालयात सांगितलं होतं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

पहिल्या दिवशी एसीची जाळी धुळीने खरोखरच तुंबली होती. देवमनने ती साफ केली. त्यानंतर त्याला कधीच काही सापडलं नाही. तो येई, आत डोकावे, बाहेर पडे. जुन्या शहरातलं त्याचं घर मोर्णा नदीपलीकडे. पूल ओलांडायच्या आतच पुन्हा बोलावणं. एका दिवशी सहा खेपा झाल्या. चहा करणाऱ्या माणिकबाईंनी त्याचा कप विसळणंच सोडून दिलं.

आता लाल पट्टीखाली एक पत्रही आलं. तेही आपोआपच तयार झालेलं. 'एकच बिघाड एकेचाळीस वेळा. मेकॅनिक अकार्यक्षम. करार रद्द करावा.' खाली फक्त साधनाची मंजुरी हवी होती. देवमन या कंपनीत बावीस वर्षं येत होता. ती आली तेव्हा तिला खोलीची वाट त्यानेच दाखवली होती.

तिचं बोट मंजुरीवर गेलं, पण दाबवेना. ती उठली आणि भर उन्हात खाली गेली. देवमन दारापाशी पोचलाच होता.

"देवमनभाऊ, थांबा. आत नेमकं काय बिघडलंय?"

देवमनने पिशवी खाली ठेवली.

"आज मी आत जात नाही, मॅडम. तुमी बी इथंच बसा."

"अर्ध्या तासात सगळं बंद पडेल. पेरणी तोंडावर आहे, बियाण्यांचं बुकिंग चालू आहे. अख्ख्या वऱ्हाडातले दुकानदार माझ्या नावानं शंख करतील."

"बसा तं."

दोघं पायरीवर बसले. साधनाच्या मोबाईलवर एकतीसचा आकडा होता. दहा मिनिटांनी तीस झाला. वरून कुणीतरी हाक मारली, तिने लक्ष दिलं नाही. एकोणतीसवर आकडा इतका वेळ अडला की तिने दोनदा घड्याळ पाहिलं. बाविसाव्या मिनिटाला सत्तावीस झाला आणि लाल पट्टी हिरवी झाली. कुणी कशाला हातही लावला नव्हता.

साधनाने मान वळवून दाराकडे पाहिलं. दार थेट अंगणात उघडत होतं आणि अंगणात शेहेचाळीस अंशांचं ऊन होतं. तापमान मोजायची डबी आतल्या बाजूला, चौकटीलगतच लावलेली. वायर पुरत नव्हती म्हणून तिनेच ती तिथे लावून घेतली होती. देवमन आत गेला की गरम हवा आत. बाहेर पडला की पुन्हा गरम हवा आत, थेट डबीवर.

तिने तिथेच बसून पत्र नामंजूर केलं. मग खालच्या आवाजात विचारलं, "तुम्हाला हे कधी कळलं?"

"दुसऱ्याच दिवशी."

"मग सांगितलं का नाही?"

"आलो होतो ना वर सांगाले. तुमी म्हनल्या, जे असंल ते मोबाईलवर टाका."

त्याने आपला मोबाईल तिच्यापुढे धरला. तिनेच बनवून दिलेल्या पानावर दोनच बटणं होती. 'पोहोचलो' आणि 'काम झालं'.

"आता तुमीच सांगा, मॅडम," देवमन म्हणाला, "बिघाड म्हंजे मीच आहो, हे यातलं कोनतं बटन दाबून सांगाचं?"