बुधवार एकटा निघत नाही

वायरमननं डबीएवढा तो टायमर पंपाच्या खोलीबाहेर, दाराशेजारी बसवला, चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "बोला वहिनी, किती वाजता चालू करायचा?"

नवरा हाताची घडी घालून मागे उभा होता. टायमर त्यानंच आणला होता, बायकोच्या वाढदिवसाला. साड्या काय, सगळेच आणतात, असं त्याचं म्हणणं. रोज दोन वेळा ही मागच्या अंगणात येणार, पंप लावणार, वरची टाकी भरेपर्यंत चाळीस मिनिटं ताटकळणार. आता तिचे पाय वाचणार होते. गेले आठ दिवस तो हे ज्याला त्याला सांगत सुटला होता.

सकाळी सहा दहा आणि संध्याकाळी पाच, तिनं सांगितलं. सांगावंसं मुळीच वाटत नव्हतं, पण कारण तरी काय देणार?

पंपाची खोली म्हणजे चार पत्रे आणि एक दार. आत बसायला एक उलटी बादली. पंप सुरू झाला की असा काही धडधडायचा, की घरातून कुणी घसा फोडून हाक मारली तरी तिथं पोचायची नाही. सासूबाईंच्या गोळ्या, सासऱ्यांचा शेक, पोरांचे न सापडणारे मोजे, सगळ्यांना चाळीस मिनिटं दम धरावा लागे. ती बादलीवर बसून राही. पुस्तक नाही, फोन नाही, काही नाही. लग्नाला चौदा वर्षं झाली आणि अजून आपलं डोकं ठिकाणावर आहे ते या खोलीमुळे, असं तिचं प्रामाणिक मत होतं. बोलून दाखवण्यासारखं मात्र ते नव्हतं.

वायरमन वेळ भरत होता. प्रत्येक बटणाला बारीकसा पी असा आवाज येई.

लाईट गेली की याचं घड्याळ चुकत असेल ना, तिनं विचारलं. वायरमन म्हणाला, छे हो, आत बॅटरी आहे, महिनाभर लाईट नसली तरी वेळ सोडायचा नाही. मग तिनं टाकीचं काढलं. एखाद्या दिवशी आधीच अर्धी भरलेली असली तर पाणी वाहून जाणार, माणूस लागणारच की इथं. त्याचीही सोय झाली होती. वर टाकीत त्यानं तरंगता गोळा बसवला होता, टाकी भरली की पंप आपोआप थांबणार.

"बघितलंत?" नवरा कौतुकानं वायरमनला म्हणाला. "किती बारकाईनं विचारते. आमच्याकडे खरी इंजिनीअर हीच."

तिनं खाली वाकून वायरचे तुकडे गोळा केले. मग सहज सुचल्यासारखं म्हणाली, की यंत्राला एखादा दिवस विसावा हवा. बुधवार तेवढा सोडा. बुधवारी मी पहिल्यासारखा हातानं चालवीन.

नवऱ्याला हसू आवरेना. मोटारीचीसुद्धा दया येते हिला, म्हणाला. वायरमन मात्र हसला नाही. त्यानं वारांच्या बटणावर अंगठा ठेवला आणि दाबत राहिला. पडद्यावर सातही वार आले, मग सोमवार ते शुक्रवार, मग सोमवार ते शनिवार, मग शनिवार-रविवार, आणि पुन्हा सातही. दोनदा फेरी झाली. माहितीचा कागदही उलटासुलटा वाचून झाला.

"बुधवार एकटा निघत नाही हो वहिनी," तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "यांनी गट पाडून दिलेत. सुट्टी द्यायची तर नुसता रविवार निघेल."

"मग रविवार काढा," ती पटकन म्हणाली. जरा जास्तच पटकन.

"रविवारी तू कशाला?" नवरा म्हणाला. "रविवारी मी असतो की घरी. मी चालवीन. तेवढाच तुला आराम."

तो हे अगदी मनापासून म्हणत होता. दुष्ट असता तर भांडता तरी आलं असतं. भल्या माणसाशी कुठल्या तोंडानं भांडायचं? आणि काय म्हणून? मला तुमचा आवाज नको आहे म्हणून?

"राहू द्या," ती वायरमनला म्हणाली. "सातही दिवस लावा."

त्यानं लावले. मग चाचणीसाठी दोन मिनिटांनंतरची वेळ भरली आणि तिघं पडद्याकडे बघत उभे राहिले. आकडा बदलला आणि पंप कुणी हात न लावता धडधडू लागला. नवऱ्यानं टाळी वाजवली. आत जाऊन त्यानं ती बादली उचलली, आता इथं अडगळ कशाला म्हणून अंगणात आणून ठेवली, आणि पोरं घुसू नयेत म्हणून दाराला कुलूप घातलं. वायरमनला चहा हवा होता.

ती स्वयंपाकघरात आली. इथून पंपाची नुसती घरघर ऐकू येत होती. तिनं आधण ठेवलं, साखरेचा डबा काढला. आतल्या खोलीतून सासूबाईंनी गरम पाण्याची पिशवी मागितली. आवाजही फारसा चढवला नव्हता.

"आणते," ती म्हणाली.

पिशवी घेऊन गेली तर सासूबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांचा चेहरा खुलला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "पंप चालू असताना माझी हाक पहिल्यांदाच ऐकू आली हो तुला."