आधी मोटर बांधू

नदीकाठच्या सोसायटीत पाणी शिरल्याचा फोन आला आणि कर्वेनगरच्या बचाव पथकाने बोटीचा ट्रेलर जीपला जोडला. शेफाली बोटीच्या मोटरखाली ठोकळा सरकवून पट्टा आवळत होती. पथकप्रमुख इंद्रजीत जीपमधून ओरडले, "अगं, लोक अडकलेत! मोटर वर उचलली की झालं!" शेफालीने येऊन जीपची किल्लीच काढून घेतली. "गेल्या वर्षीही तुम्ही हेच म्हणालात, सर. खड्ड्यात मोटर आपटली, बोटीची मागची फळी फुटली. बोट पाण्यात उतरलीच नाही, आणि आपल्या डोळ्यांसमोर माझे बाबा वाहून गेले." तिने दुसराही पट्टा आवळला, मोटर हलवून पाहिली आणि मगच किल्ली दिली. सोसायटीपाशी मोटर पहिल्याच झटक्यात सुरू झाली. इंद्रजीत बोटीत चढू लागले. शेफालीने हात आडवा धरला. "आपण इथंच थांबा, सर. बोटीत जागा माणसांना लागेल."