काळे ठिपके

“आजी, हा फुलावरचा प्रार्थनाकीटक माझ्याकडे टक लावून बघतोय. मला नाही शिकायची फोटोग्राफी!” नात कॅमेरा ठेवून मागे सरकली. “अगं वेडाबाई, डोळ्यांतले ते काळे ठिपके बुबुळं नव्हेत. उजेडाची गंमत आहे ती. कुठूनही बघ, ठिपके बघणाऱ्याकडेच वळलेले दिसतात. श्वास रोख, बटण दाब.” नातीने धीर करून फोटो काढले. आजीने ते मोठे करून पाहिले. प्रत्येक फोटोत ठिपके डावीकडे वळलेले होते, आजोबा गेल्यापासून रिकाम्या असलेल्या खुर्चीकडे. “तिरका धरलास का कॅमेरा?” “नाही गं, समोरूनच!” पोरीची भीती मोडायला आजी त्या खुर्चीत बसली आणि तिने कॅमेऱ्याला डोळा लावला. ठिपके तिच्याकडेच होते. मग ते हळूहळू वर सरकले, तिला जागा द्यायला कुणी उठून उभं राहावं तसे.