झाकली मूठ

“मी राजाचा टॅक्स कलेक्टर नाही होणार!” ईशितानं किचनच्या टेबलावर कपाळ टेकवलं. “मिसनी मला राँग साइड दिला, आजोबा. माझे पणजोबा सत्याग्रही होते ना?”

दुसऱ्या दिवशी तिच्या मँचेस्टरच्या शाळेत वादविवाद रंगणार होता. अमेरिकेतल्या वसाहतींनी इंग्लंडच्या राजाला कर द्यायला नकार का दिला आणि चहावरच्या करावरून भांडता भांडता थेट क्रांती कशी पेटली, हा विषय. ईशिताच्या वाट्याला राजाची बाजू आली होती. रडूनभांडून तिनं तोडगा काढला होता. आजोबांनी शाळेत यायचं, आपल्या वडिलांनी कोकणात शिरोड्याला इंग्रजांचा मिठाचा कायदा कसा मोडला ते वर्गाला सांगायचं, मग मिस तिची बाजू बदलून देणार होत्या.

आजोबांचं नाव कमलाकर. पुण्याहून ते उन्हाळ्यापुरते मुलाकडे आले होते. मुलानं, यतीननं, हॉलमध्ये कमलाकरांच्या वडिलांचा फोटो मोठा करून लावला होता. खाली लिहिलं होतं, ‘ज्ञानेश्वर, शिरोडा, १९३०’. घरी येणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला चहाच्या आधी तो फोटो दाखवला जाई. ज्ञानेश्वर तेव्हा शिरोड्याला होते, यात तिळमात्र खोटं नव्हतं. पुढचं कुणी विचारत नसे आणि कमलाकर आपण होऊन सांगत नसत. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण पाहुण्यांपुढे गप्प बसणं वेगळं आणि वर्गभर पोरांपुढे उभं राहून बोलणं वेगळं. शाळेचं ठरल्यापासून त्यांना घास गोड लागत नव्हता.

“टॅक्स खूप होता का?” ईशितानं विचारलं.

“चहावरचा फार नव्हता. मिठावरचा गरिबाला जड जायचा, पण लोक भरत होते. वर्षानुवर्षं भरत होते.”

“मग एवढी फाइट कशाला? देऊन टाकायचा ना.”

कमलाकर उठले. बरणीतलं मूठभर मीठ त्यांनी तिच्या तळहातावर ओतलं. “घट्ट धर. मी सरकार. काही झालं तरी सोडायचं नाही.”

ईशिता हसली. नेटबॉल खेळणारी पोरगी ती. मूठ अशी आवळली की बोटं पांढरी पडली. कमलाकरांनी बोटांना हातसुद्धा लावला नाही. त्यांनी तिचं मनगट पकडलं, आतल्या बाजूला दुमडलं आणि अंगठ्यानं दाबलं. बोटं आपोआप सुटली. मीठ टेबलावर, तिच्या मांडीवर, फरशीवर सांडलं.

“आउच! आजोबा!”

“काय गेलं तुझं? मूठभर मीठ.”

ती मनगट चोळत राहिली. गाल लालबुंद झाले होते. “मिठाचं नाही... तुम्ही माझा हात उघडलात. परत द्या. आता मी सोडणारच नाही.”

“हेच,” कमलाकर म्हणाले. “शिरोड्याला एक बाई नुसती बघायला आली होती. कडेवर पोर. गर्दीत पुढे ढकलली गेली, कुणीतरी तिच्या हातात मीठ दिलं. तिची मूठ अशीच उघडली. मनगट मोडलं. दुसऱ्या दिवशी ती परत आली, डाव्या मुठीत मीठ घेऊन. आणि मागे तिची अख्खी वाडी. कर नकोसा झाला की माणूस कुरकुरतो, ईशू. मूठ पिरगळली की उलटतो.”

ईशिताचे डोळे चमकले. “उद्या हेच सांगा! पणजोबांनी हे सगळं बघितलं?”

“अगदी जवळून. हा मनगटाचा पेच मला त्यांच्याकडूनच कळला.”

“पण मनगट असं फिरवायचं, हे त्यांना कसं माहीत? ते तर मीठ धरणारे होते ना?”

बाहेरून ट्राम गेली. कमलाकर बोलले तेव्हा आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला.

“नाही. ते मीठखात्यात शिपाई होते. मुठी उघडायचं काम त्यांचं.”

एकदा तोंडातून गेल्यावर बाकीचं अडलं नाही. लहानपणी वडील त्यांच्या मुठीत लिमलेटची गोळी ठेवत आणि खेळता खेळता ती सोडवून घेत. एकदा कमलाकर कळवळून ओरडले, तेव्हा वडील ढसाढसा रडले होते. तो खेळ पुन्हा झाला नाही. पण झोपेतलं ओरडणं शेवटपर्यंत गेलं नाही. “बाई, उघड मूठ. मोडेल गं हात. उघड!” आई हलवून जागं करी. मग वडील आपल्या अंगठ्याकडे बघत बसून राहत. कमलाकरांना त्यांची दया येई. आता सांगतानासुद्धा आली.

पोरगी चिडेल, जाऊन फोटो उतरवेल, असं त्यांना वाटलं होतं. ती मांडीवर सांडलेलं मीठ चिमटीनं गोळा करू लागली.

“मी टॅक्स कलेक्टरच होणार,” ती शेवटी म्हणाली. “पण मी त्या बाईबद्दल बोलणार. तुम्ही पण या.” मग मान वर करून तिनं सरळ विचारलं, “तिचा नाव काय होता?”



“ती जन्मभर आमच्या घरात होती गं, वडिलांच्या झोपेत,” कमलाकर म्हणाले. “आणि तिचं नाव आमच्यातल्या एकानंही कधी विचारलं नाही.”