आतून कडी

भाड्याचं घर, दोन दारांचं. एक रस्त्यावर उघडणारं, एक बोळात.

भूकंपाच्या ढिगाऱ्याखालून जवानांनी ओढून काढलेलं सात वर्षांचं पोर.

रविवारच्या चाचणीतले प्रश्न, शनिवारीच समोरच्या क्लासच्या फळ्यावर.

भागवतचा जेवणाचा डबा. दुपार टळून गेली तरी न उघडलेला.

"मॅडम, खातं माझं हाय. पण आत जाणारा मी न्हाई," भागवत म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला. आता त्याच्या आवाजात जोर उरला नव्हता.

लातूरला रेणुकादास सरांचा क्लास होता. क्लासचे सगळे पेपर ज्या मोठ्या संगणकात राहायचे, त्याची राखण देविकाकडे होती. भागवत पेपर टाइप करायचा. महिनाभर पेपर फुटत होते आणि दर वेळी आत शिरलेलं खातं भागवतचंच निघत होतं. आज संध्याकाळपर्यंत दुसरा कुणी सापडला नाही, तर सर त्याला पोलिसांच्या हवाली करणार होते.

नुसती कुलपं वाढवून काही होत नाही, असं देविकाचं म्हणणं. आधी चोर ओळखावा. त्याला काय हवंय, तो कशाला भितो, हे कळलं की पहारा कुठं बसवायचा ते कळतं. तिने त्याची एकेक फेरी तपासली. हा चोर वेगळाच होता. आत आला की पेपरला हात लावायचा नाही. आधी गुपचूप एक दुसरं खातं उघडून ठेवायचा. पहिलं बंद पडलं, तर निसटायला असावं म्हणून. मगच पुढं सरकायचा.

तिने घरीदारी कुणाला न सांगता दोन आमिषं ठेवली. एक पूर्ण पेपर, उत्तरांसकट. पण तिथं शिरणाऱ्याची बाकीची सगळी खाती बंद होणार, अशी पाटी समोरच लावलेली. दुसरा पेपर अर्धामुर्धा, पण मोकळ्यावर. चोर आला. पाटीपाशी थबकला, बराच वेळ घुटमळला, मागे फिरला आणि अर्धा पेपर घेऊन गेला.

"सर, हा लोभी नाही. लोभी असता तर पहिल्यावर तुटून पडला असता," ती म्हणाली. "हा घाबरलेला आहे. बाहेर पडायची वाट दिसल्याशिवाय हा कुठंच पाऊल टाकत नाही."

सर हसले. "मग तर हे आपले यज्ञेश सरच की! स्वतःच्या लग्नात बी मांडवाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले होते. आम्हाला वाटलं, नवरदेव पळून जातो का काय."

एवढ्या काळजीतही भागवतला हसू आलं. देविकाला आलं नाही.

यज्ञेश तिचा नवरा. तिथंच फिजिक्स शिकवायचा. विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात दोघं एका वर्गात होते. तिला संगणकातलं जेवढं कळायचं, तेवढं त्यालाही कळायचं.

पण पुरावा काय? सगळीकडे नाव भागवतचं. तिने सरांना आणि भागवतला दाराबाहेर उभं राहायला सांगितलं आणि यज्ञेशला बोलावून घेतलं.

संगणकाच्या खोलीला खिडकी नव्हती. यज्ञेश कधीच आत यायचा नाही, उंबऱ्यातूनच बोलायचा. आजही तसाच उभा राहिला.

"आत ये ना. माझ्यासाठी."

तो आला. तिने त्याच्या मागून हात नेला आणि कडी घातली.

"देविका, उघड."

"पेपर तू नेलेस?"

"आधी उघड गं."

"आधी सांग."

त्याने भिंतीला हात टेकला. मान घामाने निथळत होती. "हाव. मीच. समोरचे क्लासवाले मला त्यांच्या नांदेडच्या शाखेत घेतो म्हणाले. उद्या हा क्लास बसला तर कुठं जायचं आपण? दुसरी वाट नको का? आपल्या दोघांसाठीच तर करून राहिलो होतो..."

"आणि भागवत?"

तो तोंड उघडं टाकून नुसता श्वास ओढत राहिला.

तिने कडी काढली. बाहेर सर दगडासारखे उभे होते. भागवत भिंतीला टेकून खाली बसला होता. यज्ञेशने त्या दोघांकडे पाहिलंही नाही. तो देविकाकडे बघत होता, पेपर जणू तिनेच चोरले होते.

"कडीचं मी फक्त तुला सांगितलं होतं," तो म्हणाला.

त्र्याण्णव साली, भूकंपाच्या रात्री, गणपतीचं विसर्जन करून घरी आल्यावर, लेकरं पुन्हा बाहेर पळू नयेत म्हणून यज्ञेशच्या आईने दाराला आतून कडी घातली होती.