फाटकाला हात

खुर्ची दिसली की इंद्रजीत बसायचा. ऑफिसात बसायचा, मोटारीत बसायचा, घरी टीव्हीसमोर बसायचा. त्याची साखर वाढली तेव्हा सें पिएर गावच्या दवाखान्यातल्या नर्सने त्याच्या साऱ्या सवयी विचारून घेतल्या आणि म्हणाली, "मिस्ये, दुसऱ्यांचं सोडा, तुमच्यासाठी हा एकच उपाय. रोज संध्याकाळी एका ठरलेल्या जागेपर्यंत चालत जायचं, तिथे हात लावायचा आणि मागे फिरायचं. मध्ये कुठे टेकलात की संपलं!"

त्याने जागा ठरवली ती आईच्या घराचं फाटक. उसाच्या कडेकडेने सरळ रस्ता होता. रोज तो त्या लोखंडी फाटकाला हात लावायचा, ते करकरायचं, आतल्या खिडकीचा पडदा हलायचा आणि तो खाली मान घालून झपाझप परत फिरायचा. 'आपण काय करणार, नर्सनेच बसू नका म्हटलंय,' असं वाटभर स्वतःला समजावायचा. पोट उतरलं, साखर उतरली. मनातली टोचणी काही उतरेना.

एके संध्याकाळी तो पोचला, तर फाटक जागेवर नव्हतंच. बिजागऱ्यांतून काढून ते आत ओसरीच्या भिंतीला टेकवून ठेवलं होतं. शेजारी आई बसली होती, समोर चहाचे दोन कप.

"आयो, उभा का बाबा? साखर नाय घातली चहात," ती म्हणाली.

मग तिने शेजारच्या फाटकावर हात ठेवला. "म्हटलं, ह्याला हात लावायला तरी आत येशील."