कॅमेरा न दिसणारा आरसा

लालबागच्या चाळीतली लीलाकाकूंची खोली बघून कॅमेरामन विनीत जाम खूश झाला. भिंतभर आरसा होता, आणि आरसा म्हटला की शॉटमध्ये कॅमेरा दिसण्याची कटकट. पण त्याने चारही कोपऱ्यांतून मोबाइल धरून पाहिला, तरी आरशात नुसती खोली आणि चहा गाळणाऱ्या काकू.

त्याने दिग्दर्शिकेला फोन लावला. "पूर्वी, एक नंबर लोकेशन! कॅमेरा कुठूनही लाव, आरशात येतच नाही!"

"आणि तू येतोस का रे?"

विनीत हसत आरशासमोर गेला. आरशात फक्त मागची खिडकी होती.

"घे रे, गरम आहे तोवर," म्हणत काकूंनी त्याच्या हातात कप दिला.

आरशातल्या काकू मात्र कप घेऊन त्याला शोधत होत्या. दाराबाहेर डोकावल्या, हसल्या, आणि चहा स्वतःच पिऊन टाकला.

विनीतच्या हातातला कप हलका झाला.